‘लहरी’ म्हणजे नेमकं काय? माणसाला आणि पावसाला एकच शब्द का?

सांगली : ‘पाऊस लय लहरी झालाय,’ हे वाक्य जत, आटपाडीपासून माण-खटावपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. सकाळी गोड बोलून संध्याकाळी तोंड फिरवणाऱ्या माणसालाही आपण लहरीच म्हणतो. हा शब्द आला कुठून?

मूळ शब्द संस्कृत. ‘लहरी’ म्हणजे पाण्याची लाट. जगन्नाथ पंडितांच्या ‘गंगालहरी’त तोच अर्थ आहे. मराठीत त्याची ‘लहर’ झाली. वाऱ्याची लहर, थंडीची लहर, साप चावल्यावर अंगात चढणारी विषाची लहर. लाट कधी उठेल आणि कधी ओसरेल, याचा नेम नसतो. मनाचंही तसंच. म्हणून मनात अचानक आलेली इच्छा ती लहर आणि तिच्या मागं धावणारा तो लहरी. ‘आली लहर, केला कहर’ ही म्हण त्यातलीच.

याच्या जवळचा शब्द ‘तुघलकी’. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली, तिला दौलताबाद नाव दिलं आणि काही वर्षांनी परत दिल्ली गाठली. तेव्हापासून त्याचं नाव मनमानी कारभाराला चिकटलं. फरक एवढाच, की लहरी माणसाचा त्रास घरादाराला होतो, तुघलकी हुकुमाचा सगळ्या गावाला.

आता पावसाचं. 2019 च्या उन्हाळ्यात आटपाडी, जतला टँकर आणि चारा छावण्या होत्या. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. अशा वेळी लहरी हाच शब्द तोंडात येतो.

पण सगळंच लहरीवर ढकलून चालत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माणमध्ये जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवर रिते होतात, पलीकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो. पाऊस कधी येईल ही त्याची लहर. पण दुष्काळी पट्ट्यात तो कमी पडणार, हे ठरलेलंच आहे. म्हणून तर टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून वर न्यावं लागलं.

लहरीचा भरवसा धरता येत नाही. तयारी मात्र करता येते.