कष्टाची लय आणि गळ्याची तालीम : म्हसावद परिसरातील एक दुर्लक्षित इतिहास

शहादा तालुक्यातील म्हसावद हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे येथील गाण्याबजावण्याच्या इतिहासात सपाटीवरील शेतकऱ्यांचा आणि डोंगरातील भिल्ल-पावरा समाजांचा असे दोन प्रवाह शेजारी नांदलेले दिसतात. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यात आणि त्याआधी पश्चिम खानदेशात मोडत असे. या मुलखातील लोकगीतांविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी त्यांच्या शब्दांविषयी. गाणाऱ्याचे हात, पाय आणि श्वास त्या वेळी कोणत्या कामात गुंतले होते, हा प्रश्न मागेच राहिला. गाण्याची खरी तालीम मात्र त्या कामातच होत होती.

खानदेशातील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातील, बायकांच्या गळ्याला पहाटेच्या दळणाने वळण दिले. एक पाय पसरून, दुसरा दुमडून जात्याशी बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवी आणि दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, सोडी. खुंटा दूर जाताना कंबरेपासून वरचे अंग पुढे झुके आणि परतताना मागे येई. हे झुकणे-परतणे तासन्तास चालायचे असल्याने खांदे आखडून किंवा दम कोंडून दळणे परवडत नसे, आणि जी बाई सैल अंगाने दळी तिचाच आवाज शेवटच्या पायलीपर्यंत टिके. जात्यावरच्या ओवीत अक्षरसंख्येचे काटेकोर बंधन नसते, चरण लांबवता किंवा आखडता येतो, यामागे जात्याच्या फेऱ्याला आणि दळणारीच्या दमाला मिळते घेण्याची ही गरज असावी. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची गाणी घरकाम आणि शेतकाम चालू असतानाच रचली गेली, आणि त्यांच्या लयीचा उगम या कामात शोधणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

पुरुषांच्या बाबतीत हेच काम मोटेने केले. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली जात तेव्हा मोट वर येई आणि हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसून गाई. बैल उलट पावली परतताना गाणे साहजिकच थांबे.

डोंगरातील परंपरा याहून पुढे जाते, कारण तेथे अंग हेच वाद्य होते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी या भागात सर्वांत नावाजलेली आहे. तिच्यात बावा आणि बुध्या ही सोंगे घेणारे पुरुष डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात, अंगावर ठिपक्यांची नक्षी रेखतात आणि कंबरेला मोठे घुंगरू किंवा वाळलेले भोपळे बांधतात. घुंगरांचा आवाज हाताने काढायचा नसून पावलाने आणि कंबरेच्या हेलकाव्याने काढायचा असल्याने पाऊल चुकले की ताल चुकतो, आणि ढोल वाजवणाऱ्याबरोबर तो रात्रभर, म्हणजे पहाटे होळी पेटेपर्यंत, धरून ठेवावा लागतो. सोंग घेणारे होळीच्या काळात जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य पाळणे असे कडक नियम पाळतात. या नियमांचा हेतू धार्मिक आहे हे खरे; परंतु नाचणाऱ्याला स्वतःच्या उठण्या-बसण्याकडे दिवसचे दिवस लक्ष ठेवायला लावणे, हा त्यांचा परिणाम वादकाच्या तयारीच्या दृष्टीने कमी मोलाचा नाही. त्यातच चढउताराच्या पायवाटा रोज तुडवणाऱ्या माणसाला पावलाची लय वेगळी शिकवावी लागत नाही.

शहरी संगीतशिक्षणाने मात्र वेगळी वाट धरली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले, त्यानंतर ठरलेल्या वेळी, खोलीत बसून करायचा रियाज मध्यमवर्गात रुजला. त्याने संगीताला प्रतिष्ठा दिली, तरी उरलेल्या दिवसभरात शरीर कसे वापरले जाते याच्याशी शिक्षणाचा संबंध सुटत गेला. हाच तुटलेला धागा पाश्चात्त्य जगात फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर (१८६९–१९५५) या पठणकाराने निराळ्या गरजेतून जोडला. कार्यक्रमात आवाज बसू लागला तेव्हा त्याने आरशात स्वतःला न्याहाळले आणि बोलताना आपण मान मागे आवळतो हे ओळखले. त्यातून निघालेली, उठणे, बसणे, चालणे अशा साध्या हालचालींतील ताण सोडवण्याची पद्धत आज संगीतविद्यालयांत शिकवली जाते.

पिठाच्या गिरणीने जाते आणि विजेच्या पंपाने मोट हटवली. बायकांच्या पाठीवरचा केवढा भार त्यामुळे उतरला हे ध्यानात घेता, जुन्या कष्टांसाठी हळहळणे अप्रामाणिक ठरेल; त्या कष्टांतली गाणी मात्र नोंदवून ठेवता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून उभारलेल्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी असे काम करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने गीताच्या शब्दांबरोबरच गाणारीचा हात, बसण्याची ढब आणि श्वास घेण्याची जागाही नोंदवावी. दळलेले आठवणाऱ्या बाया गावोगाव अजून आहेत, तोवरच ते शक्य आहे.