साइडिंग: १६५१ चे की १९११ चे?

इंग्लिश कंट्री डान्समध्ये जोडीदार एकमेकांच्या बाजूला जाऊन परततात, त्या हालचालीला साइडिंग म्हणतात. जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’मध्ये शंभरावर नाच आहेत. त्यांतल्या कितीतरी नाचांचा साचा एकच आहे: डबल पुढे-मागे, मग साइडिंग, मग आर्मिंग, म्हणजे हातात हात अडकवून फिरणे. डबल म्हणजे चार पावले पुढे किंवा मागे आणि शेवटी पाय जुळवणे, असा खुलासा पुस्तकाच्या आरंभी मिळतो. साइडिंगचा मात्र मिळत नाही. त्या काळी ते सर्वांना येतच असणार. पुढे लांब रांगांचे नाच वरचढ झाले, साइडिंग मागे पडले आणि ते शिकवणारेही उरले नाहीत.

ही पोकळी सेसिल शार्प यांनी भरून काढली. ‘द कंट्री डान्स बुक’च्या दुसऱ्या भागात (१९११) त्यांनी प्लेफर्डचे नाच नव्याने मांडले. त्यांच्या साइडिंगमध्ये दोघे वळणदार वाटेने चार पावलांत एकमेकांच्या जागी जातात; जाताना डावे खांदे जवळून जातात, परतताना उजवे. त्याच वर्षी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वर्गांतून हे वळण सर्वत्र रुजले. सतराव्या शतकाचे म्हणून आज नाचले जाणारे हे वळण खरे तर विसाव्या शतकात जन्मले.

पुढे पॅट शॉ यांनी सरळ वाट सुचवली: उजव्या खांद्याशी उजवा खांदा येईपर्यंत चार पावले पुढे, मग चार मागे, दुसऱ्या खेपेस डावा खांदा. शार्प यांच्या समर्थकांचे म्हणणे असे की, त्यांचे वळण सुरावर अखंड वाहते, मध्येच थांबून मागे सरावे लागत नाही. ते खरेच सुंदर आहे, पण सौंदर्य हा १६५१ चा पुरावा होत नाही. जुन्या मजकुराचा कौल शॉ यांना आहे. साइडिंगनंतर तीच कृती पुन्हा करण्याची सूचना वारंवार येते. आर्मिंगमध्ये अशी पुनरावृत्ती आधी उजव्या, मग डाव्या हाताने होते. शॉ यांचे साइडिंगही तसेच बाजू बदलते आणि प्लेफर्डच्या डबलमध्ये नेमके बसते. शार्प यांच्या एकाच फेरीत दोन्ही खांदे येऊन गेलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीला नवे काही उरत नाही.

आज नाच सांगणारा कॉलर सुरुवातीलाच कोणते साइडिंग घ्यायचे ते सांगतो. शार्प यांची पद्धत गृहीत धरून विसाव्या शतकात रचलेल्या नाचांत मात्र त्यांचेच वळण ठेवणे योग्य.