'कोंडुरा' : कागदावरून पडद्यावर

तेरेखोल नदी ओलांडली की पेडण्याचा मुलूख मागे पडतो आणि वेंगुर्ल्याचा किनारा जवळ येतो. त्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाचे ठिकाण आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी (१९३०–१९७६) तेच नाव आपल्या १९६६ सालच्या कादंबरीला दिले. ही कादंबरी मी अनेक वर्षे शिकविली.

१९७८ साली श्याम बेनेगल यांनी या कथेवर दोन भाषांत चित्रपट केला : हिंदीत 'कोंडुरा', तेलुगूत 'अनुग्रहम्'. कोकणातली कथा आंध्रातल्या खेड्यात गेली. मी तेव्हा वर्गात निकाल देऊन टाकला : मुलूख बदलला, बोली गेली, खानोलकर हरवले. तो निकाल उतावीळ होता, हे आज या व्यासपीठावरून कबूल केले पाहिजे. कारण माझे काही विद्यार्थी पुढे शिक्षक झाले आणि तोच निकाल त्यांनीही पुढे दिला.

आपल्याकडे देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतात. पडलेली पाकळी सर्वांना दिसते. तिचा अर्थ मात्र ज्याचा त्याने लावायचा असतो. खानोलकरांची आधुनिकता इथे आहे. परशुरामाला ब्रह्मचर्याच्या अटीवर सामर्थ्य मिळते, देवीचा साक्षात्कार होतो. तो साक्षात्कार खरा की मनाचा खेळ, हे लेखक ठरवीत नाही. गद्याला असे अधांतरी राहता येते. पडद्यावर मात्र जे दिसले ते घडले असे वाटते. त्यामुळे तो संशय चित्रपटात पातळ होतो. एवढी माझी तक्रार आजही कायम आहे.

परंतु 'अंकुर' (१९७४) आणि 'निशांत' (१९७५) करणाऱ्या दिग्दर्शकाने दुसराच प्रश्न पुढे आणला : एका माणसाच्या साक्षात्काराचा लाभ गावात कोणाला होतो आणि किंमत कोण मोजते? वाणिश्री आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका पाहिल्यावर उत्तर शोधावे लागत नाही. किंमत स्त्रिया मोजतात. मी घरी येऊन कादंबरी पुन्हा उघडली. तो प्रश्न तिच्यात पहिल्यापासून होता. परशुरामाच्या मनाचा तळ शोधण्याच्या नादात मीच त्या स्त्रियांना ओलांडून पुढे गेलो होतो.

रूपांतर मूळ कृतीशी प्रामाणिक आहे का, हे आपण नेहमी विचारतो. आपले वाचन तिच्याशी प्रामाणिक होते का, हेही विचारावे. या शाळेतील शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे : मुलांना चित्रपट जरूर दाखवा, आणि त्यानंतर पुस्तक पुन्हा त्यांच्या हाती द्या.