विजेचा जमाखर्च

श्रीरामपूर-राहुरीकडील जुन्या घरांच्या ओसरीवर सागवानी फळीवर बसविलेला मेन स्विच, त्याशेजारी चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज आणि वर धुराने काळवंडलेले मीटर अशी जी मांडणी अद्यापही क्वचित दृष्टीस पडते, तिच्या लगत आता सौर संचाच्या पांढऱ्या पेट्या येऊन बसू लागल्या आहेत; आणि या शेजाराकडे केवळ वायरमनच्या दृष्टीने पाहणाऱ्यास त्यामागील अर्धशतकाचा कारभार उमगावयाचा नाही. वीज खांबावरून घरात यावयाची, घरातून खांबाकडे कधीही जावयाची नाही, हे त्या जुन्या फळीचे गृहीतक होते.

1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेचे पाणी कालव्यांतून खेळविले, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने 1950 साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, आणि ज्या शेतकऱ्यास एकोप्याने साखर करता येते त्यास वीज का वाटता येऊ नये, हा प्रश्न त्याच मुलखात उद्भवणे क्रमप्राप्त होते. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर देशात प्रयोगादाखल ज्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत सिरसिल्ला, हुक्केरी, कोडिनार व लखनौ यांच्या पंक्तीस महाराष्ट्रातून श्रीरामपूरची मुळा-प्रवरा बसली. राज्य वीज मंडळाकडून ठोक भावाने वीज घ्यावी, आपल्या तारांवरून सभासदांस द्यावी आणि वसुलीही आपणच करावी, असा तिचा परवाना. ग्राहक भागधारक झाला, प्रवाहाची दिशा मात्र पूर्वीचीच राहिली. पुढे शेतीपंपांची मीटरविना अश्वशक्तीवर होणारी आकारणी, गळती, थकबाकी आणि ठोक दराचा तंटा यांत संस्था रुतत गेली, व परवान्याची मुदत 31 जानेवारी 2011 रोजी संपताच सारा कारभार महावितरणकडे गेला. संस्थेस नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. परंतु जी वीज मोजलीच नाही तिचा हिशेब खुद्द मंडळास तरी कोठे साधला होता?

दुसरीकडे याच नगर जिल्ह्यात उन्हाचा उपयोग वेगळ्या वाटेने चालला होता. शिर्डीच्या साईसंस्थानाने 2009 साली प्रसादालयावर 73 सौर तबकड्या बसविल्या, तेव्हा त्यांची वाफ आधीच्या बॉयलरच्या व्यवस्थेस जोडली, जेणेकरून आभाळ भरून आले तरी पंगत अडू नये. नवे साधन जुन्यास न हुसकता त्याच्या शेजारी नांदविण्याची ही युक्ती मला तबकड्यांच्या संख्येहून अधिक मोलाची वाटते. 2017 मध्ये राज्याने शेतीसाठी सौर वाहिनीची योजना आणली, तिच्या आरंभीच्या प्रकल्पांत राळेगणसिद्धीचे नाव होते.

घरगुती छपरास खरा अधिकार मिळाला तो 2015 साली, राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरचे विनियम जारी केले तेव्हा. आलेली आणि गेलेली वीज एकाच मीटरवर नोंदून वजावट व्हावयाची, म्हणजे मुळा-प्रवरेच्या पंपांवर जी मोजणी कधी नीट झाली नाही, तीच येथे दोन्ही दिशांनी सक्तीची ठरली. सागवानी फळी मात्र या जमाखर्चास अपुरी पडते. छपरावरील एकदिश प्रवाहाचे फ्यूज व विजेच्या उसळीपासून रक्षण करणारे साधन एका पेटीत, इन्व्हर्टरमधून निघालेल्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा एमसीबी दुसऱ्या पेटीत, आणि तेथून जोड मुख्य बोर्डास, असा क्रम ठेवावा लागतो. अर्थिंगचे खड्डेही वेगळे. आणि नगरकडच्या मुरमाड जमिनीत मीठ-कोळसा भरूनही उन्हाळ्यात त्यांना पाणी घालावे लागते, हे जाणते वायरमन बजावून सांगतात.

इतका खटाटोप करूनही भारनियमनात घर अंधारात राहते, तेव्हा भर दुपारी माथ्यावर ऊन असता आपला पंखा बंद का, असे यजमान वायरमनला दरडावून विचारतो. जाळ्यातील वीज गेली की इन्व्हर्टरने क्षणार्धात आपला पुरवठा तोडावा असा दंडकच आहे, कारण बंद समजून ज्या तारेस लाइनमन हात लावावयाचा, तिच्यात एखाद्या छपरावरून वीज आली तर त्याच्या जिवाशी गाठ पडते. ज्यांस हा खंड सोसवत नाही त्यांनी बॅटरीचा संच घ्यावा, आणि त्याच्या बदलस्विचाची तिसरी पेटी भिंतीवर बसवून घ्यावी.