श्रीनगर : प्रवासनियोजन

जम्मू व काश्मीर या केंद्रशासित प्रदेशाची उन्हाळी राजधानी. झेलम (प्राचीन वितस्ता) नदीच्या दोन्ही काठांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मी. उंचीवर वसलेले शहर. लोकसंख्या सुमारे 11.8 लाख (2011). पूर्वेला झबरवानची डोंगररांग, तिच्या पायथ्याशी दल सरोवर, उत्तरेकडे हरिपर्बत टेकडी. महाराष्ट्रातून निघणाऱ्या आठवडाभराच्या सहलीत श्रीनगरच्या वाट्याला बहुधा दोन मुक्काम येतात. त्यांतला एक हाउसबोटीत जातो, दुसरा मोगल बागांत, आणि उरलेले दिवस गुलमर्ग, पहलगाम व सोनमर्ग घेऊन जातात. ही वाटणी शहरावर अन्याय करणारी आहे. दल हे श्रीनगरचे अंगण. घर झेलमच्या काठी आहे, आणि बहुतेक पाहुणे अंगणातूनच परत फिरतात.

मूळ नगरी अशोकाने वसवली, असे कल्हणाच्या राजतरंगिणीत (1148–49) म्हटले आहे. तिचे स्थान आजच्या शहराच्या आग्नेयेस पांद्रेठण येथे मानतात. आजच्या जागेवरचे शहर दुसऱ्या प्रवरसेनाचे. ते प्रवरपूर म्हणून ओळखले जाई. सुलतान झैन-उल-आबिदीन (1420–70) याच्या काळात येथील हस्तकलांना मोठा आश्रय मिळाला. काश्मिरी लोक त्याला आजही ‘बडशाह’ म्हणतात. 1586 मध्ये अकबराच्या फौजांनी खोरे घेतले. त्यानंतर अफगाण, शीख व डोग्रा अशा राजवटी झाल्या, आणि प्रत्येकीने शहरात काहीतरी बांधून ठेवले.

केव्हा जायचे, हे काय पाहायचे त्यावर ठरते. मार्चमध्ये हरिपर्बताच्या पायथ्याची बदामवारी फुलते. मार्चअखेर ते एप्रिल ट्यूलिपचा हंगाम. हा बहर हवामानावर आठवडाभर मागेपुढे होतो, तेव्हा केवळ ट्यूलिपसाठी तिकिटे काढणाऱ्यांनी दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत. मे-जूनमध्ये हवा उत्तम, मात्र शाळांच्या सुट्यांमुळे गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिनार तांबडे होतात. हजरतबलजवळच्या नसीम बागेत त्या दिवसांत नुसते पाचोळ्यातून चालणे हाच कार्यक्रम पुरतो. शहर पाहायला हाच काळ सर्वांत चांगला. 21 डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’चे चाळीस दिवस सुरू होतात. तेव्हा दलच्या कडा गोठतात, नळही गोठतात; खोली गरम राहते की नाही, हे आरक्षणाआधीच विचारावे.

मुंबईहून थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येते. रेल्वेने जायचे तर जम्मू किंवा कटरा गाठावे. पुण्याहून सुटणारी झेलम एक्स्प्रेस नावाप्रमाणे झेलमपर्यंत जात नाही. तिची धाव तवीकाठच्या जम्मूपर्यंत. कटऱ्याहून श्रीनगरला जाणारी वंदे भारत गाडी जून 2025 मध्ये सुरू झाली. नदीपात्रापासून 359 मी. उंचीवरचा चिनाब पूल याच मार्गावर लागतो. प्रवास सुमारे तीन तासांचा असला तरी बराचसा बोगद्यांतून होतो, त्यामुळे खिडकीच्या जागेवरून घरात भांडण करण्यात अर्थ नाही. जम्मू–श्रीनगर महामार्ग पाऊस आणि दरडींमुळे अधूनमधून बंद पडतो. मोटारीने जाणाऱ्यांनी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी या रस्त्यावर असू नये. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे येथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड क्रमांक हवा.

हाउसबोटींमागचा इतिहास जमिनीच्या कायद्याशी जोडलेला आहे. डोग्रा संस्थानात परक्यांना जमीन घेता येत नसे, म्हणून इंग्रजांनी पाण्यावर घरे केली. देवदाराच्या या नावा आता जागच्या हलत नाहीत. बुलेव्हार्ड रस्त्यासमोरच्या रांगेत वर्दळ आणि हॉर्न पहाटेपर्यंत ऐकू येतात. नगीन सरोवरावर शांतता अधिक. एक रात्र पुरे. काठावरून नावेपर्यंतच्या शिकाऱ्याचे पैसे भाड्यात धरलेत का, हे आधीच विचारून घ्यावे. केशर, दागिने, शाली विकणारे शिकारे सज्ज्याला येऊन लागतात. नको असेल तर पहिल्यांदाच ठामपणे नको म्हणावे, विक्रेत्यालाही ते सोयीचे पडते. पहाटेचा तरंगता भाजीबाजार पाहायचा तर अंधारात निघावे लागते. तरंगत्या बागांतली भाजी घेऊन नावा एकमेकींना भिडतात आणि उन्हे नीट वर येण्याआधी सौदे आटोपतात. साडेसातला निघणाऱ्याला रिकाम्या नावाच दिसतील.

जुने शहर ‘डाउनटाउन’ किंवा ‘शहर-ए-खास’ म्हणून ओळखले जाते. त्यासाठी पूर्ण दिवस ठेवावा. शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी जामा मशिदीत जुम्म्याची मोठी गर्दी असते. नदीवरच्या जुन्या सात पुलांची नावे, अमीरा, हब्बा, फतेह, झैना, आली, नवा आणि सफा कदल, हाच इथला नकाशा. पत्ता विचारला की लोक पुलावरूनच सांगतात. हब्बा कदल ते झैना कदल हा टप्पा पायी करावा. विटा-लाकडाची उंच घरे थेट पाण्याकडे उघडतात, मधूनच नदीत उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या लागतात. फतेह कदलजवळची खानकाह-ए-मौला ही सूफी संत शाह हमदान यांच्या स्मृतीची वास्तू 1395 ची. आगीनंतर 1732 मध्ये पुन्हा उभारलेली. आतल्या भिंती-छतांवर कागदाच्या लगद्याचे रंगीत नक्षीकाम आहे. मुस्लिमेतरांना ते उंबऱ्यापासून पाहावे लागते, आणि तेवढ्यावरही पाय निघत नाही. झैना कदलपाशी बडशाहच्या आईची कबर आहे. पाच घुमटांच्या या विटांच्या इमारतीचा चौथरा आधीच्या मंदिराचा असल्याचे दगडांवरून ओळखू येते, आणि भिंतींत बसवलेल्या निळ्या चकाकत्या विटा आजही काही ठिकाणी शाबूत आहेत. जामा मशीद (1402) तीनदा जळाली आणि तीनदा उभी राहिली. तिच्या आत देवदाराचे 370 हून अधिक खांब आहेत; एकेक खांब म्हणजे एक अखंड खोड.

दुपारी हरिपर्बतावर. एकाच टेकडीवर शारिका देवीचे स्थान, मखदूम साहिबांची जियारत आणि पायथ्याला छठी पातशाही गुरुद्वारा. वरचा किल्ला अफगाण काळातला, भोवतालचा तट मात्र अकबराचा. तटाच्या ‘काठी दरवाजा’ या प्रवेशद्वारावरील फारसी लेखात एक कोटी दहा लाखांचा खर्च नोंदवला असून कोणालाही वेठीला धरले नाही, असे मुद्दाम सांगितले आहे.

मोगल बागांसाठी अर्धा दिवस पुरतो. शालिमार जहांगीराने 1619 मध्ये करवली. निशात नूरजहाँचा भाऊ आसफखान याची (1633). एकच पाहायची वेळ आली तर निशात निवडावी, तीही उन्हे उतरल्यावर. बारा टप्प्यांच्या वरच्या टोकावरून दल समोर पसरलेले दिसते. शंकराचार्य टेकडीवर सकाळी लवकर जावे; वर सहसा मोबाईल-कॅमेरा नेऊ देत नाहीत.

वाझवान म्हणजे रिस्ता, गुश्ताबा, तबकमाझ यांची मांसाहारी मेजवानी. एका ‘त्रामी’त चौघे जेवतात, त्यामुळे दोघांनी ती मागवू नये. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होते, हा आपल्याकडचा गैरसमज; नद्रू (कमळाचे देठ), हाक (पालेभाजी), दम आलू, राजमा सर्वत्र मिळतात. सकाळी ‘कांदुर’च्या, म्हणजे नानवाल्याच्या, भट्टीपुढे उभे राहून गरम गिर्दा घ्यावा. खारट, गुलाबी नून चाय मात्र पहिल्या घोटाला सगळ्यांना आवडतेच असे नाही. कहवा जमतो.

2021 मध्ये श्रीनगरचा हस्तकलांसाठी युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात समावेश झाला. पश्मीना घेताना जीआय लेबल पाहावे. चालक ज्या दुकानापुढे आपणहून गाडी थांबवतो, तिथे दर चढा असतो, हे गृहीत धरावे.

22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यात 26 जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. त्यानंतर खोऱ्यातली अनेक स्थळे बंद झाली व पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. आपल्या यादीतले ठिकाण खुले आहे का, हे निघण्याच्या आठवड्यात पर्यटन खात्याकडे विचारावे. मराठी माणसाचा या शहराशी संबंध केवळ सहलीचा नाही. सांगली भागातले सोने गाळणारे कारागीर वर्षानुवर्षे लाल चौक परिसरात काम करतात आणि तिथे गणेशोत्सवही साजरा करतात.

परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे. टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे गाडीतून सगळ्यांना उतरवून सामान यंत्रातून काढतात, पुढे आणखी तपासण्या होतात, आणि रांग कोणासाठी थांबत नाही.