आईनं जपलेली शाळा, लेकीला उशिरा उघडलेलं दार

आज आपल्याला लांब जायचंय, थेट इंग्लंडात. पण विषय आपल्या उंबऱ्याच्या आतलाच आहे. लेकरांची शाळा. ती कोण चालू ठेवतं, आणि तिचं दार कुणाला कधी उघडतं, याची ही गोष्ट.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकाशायर नावाचा परगणा आहे. तिथं रिबल आणि हॉडर या दोन नद्यांच्या खोऱ्यात, हिरव्या कुरणांमध्ये स्टोनीहर्स्ट नावाची जुनी कॅथलिक शाळा आहे. आजूबाजूला मेंढ्या, दगडी बांधांची शेतं आणि सदा पाऊस. तिथंच धाकट्या मुलांसाठी वेगळी शाळा आहे, तिचं नाव सेंट मेरीज हॉल. अशा शाळेला तिकडं प्रिपरेटरी म्हणतात, म्हणजे तयारीची शाळा. साधारण तेराव्या वर्षापर्यंत मुलं तिथं शिकतात आणि मग मोठ्या शाळेत जातात. मुलं-मुली एका वर्गात बसतात. काही घरून ये-जा करतात, काही तिथंच बोर्डिंगात राहतात. फी इतकी की साध्या कुटुंबाला परवडायची नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर श्रीमंतांची शाळा, आपल्याला काय तिचं? पण हिचं मूळ शोधत गेलं, तर आपण पोचतो एका बंदी घातलेल्या, लपून चालणाऱ्या शिक्षणापाशी. आणि तिथं दारात उभ्या दिसतात त्या बाया.

गोष्ट साडेचारशे वर्षांपूर्वीची. ख्रिस्ती धर्मात अनेक पंथ आहेत. आपले वसईचे, गोव्याचे बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक आहेत, रोमच्या पोपना मानणारे. इंग्लंडचे राजे त्या काळात पोपपासून वेगळे झाले. मधे मेरी राणी आली ती कॅथलिक होती, आणि तिच्या राज्यात प्रोटेस्टंट पंथाच्या शेकडो माणसांना जिवंत जाळलं गेलं. मग एलिझाबेथ राणी आली आणि चाक उलटं फिरलं. १५५९ च्या कायद्यानं ठरलं की रविवारी सगळ्यांनी सरकारी चर्चमध्येच जायचं, नाही गेलं तर दंड. १५८१ मध्ये तोच दंड महिन्याला २० पौंड झाला. ही रक्कम शेतमजुराच्या वर्षभराच्या मजुरीहूनही जास्त होती. सरकारी चर्चला न जाणाऱ्या मास्तराला शिकवायला बंदी, मोडली तर वर्षभर तुरुंग. त्याला ठेवून घेणाऱ्यालाही दंड. १५८५ मध्ये आणखी एक कायदा झाला. परवानगीशिवाय मूल शिकायला परदेशी पाठवलं तर आईबापाला १०० पौंड दंड.

म्हणजे घरी शिकवायची सोय नाही आणि बाहेर पाठवायचीही नाही. दोन्हीकडून कोंडी.

या कोंडीत यॉर्क शहरात एक बाई राहत होती. मार्गारेट क्लिथरो तिचं नाव. नवरा खाटीक, घराला लागूनच मांसाचं दुकान. नवरा सरकारी चर्चमध्ये जाई, ही मात्र जात नसे. त्यासाठी तिला पुन्हा पुन्हा तुरुंगवास झाला. लहानपणी तिला वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. ती तुरुंगात वाचायला शिकली. आपल्याकडं प्रौढ शिक्षणाच्या वर्गात नातवाच्या वयाच्या पोराकडून अक्षरं गिरवणाऱ्या बाया मी पाहिल्यात, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

सुटून आल्यावर मार्गारेटनं आपल्या घरातच एक मास्तर ठेवला. तो तिच्या आणि शेजारच्या मुलांना शिकवायचा. धर्मगुरू आले तर त्यांना लपवायची जागाही तिनं केली होती. १५८६ च्या मार्चमध्ये शिपाई घरात घुसले, तेव्हा वरच्या खोलीत शाळा भरलेली होती. मास्तर निसटला. घरातल्या एका लहान मुलाला धमकावून शिपायांनी लपण्याची जागा काढून घेतली.

कोर्टात मार्गारेटला विचारलं, गुन्हा कबूल की नाही? तिनं कबूलही म्हटलं नाही, नाकबूलही म्हटलं नाही. कारण खटला उभा राहिला असता तर तिच्याच लेकरांना आणि घरातल्या नोकरांना तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं असतं. त्यांच्यावर ती वेळ तिला येऊ द्यायची नव्हती. त्या काळी गप्प राहणाऱ्याला अंगावर वजनं ठेवून चिरडून मारायची शिक्षा होती. २५ मार्च १५८६ ला तिला ती शिक्षा झाली. मरण्याआधी तिनं आपली टोपी नवऱ्याकडं पाठवली, आणि बूट-मोजे पाठवले लेकीकडं, ॲनकडं. ॲन तेव्हा लहान होती. माझ्या पावलावर पाऊल ठेव, असाच निरोप त्यात होता. पुढं ॲन समुद्रापलीकडच्या लूव्हाँ शहरात जाऊन जोगीण झाली.

अशा घरांमधली मुलं शिकणार कुठं? १५९३ मध्ये रॉबर्ट पर्सन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं समुद्राच्या पलीकडं सेंट ओमर गावात मुलग्यांसाठी शाळा काढली. तो मुलूख तेव्हा स्पेनच्या राजाकडं होता, आज फ्रान्समध्ये आहे. आईबाप कायदा मोडून, लपूनछपून मुलांना बोटीत बसवायचे. पुष्कळ मुलं खोटं नाव घेऊन राहायची, म्हणजे घरच्यांचा माग लागू नये. वर्षानुवर्षं भेट नाही. त्या बोर्डिंगची सुरुवात अशी झाली. लेकराला दूर ठेवणं ही तेव्हा हौस नव्हती, नाइलाज होता.

आता नीट ऐका. त्याच सेंट ओमर गावात १६०९ मध्ये दुसरी एक शाळा निघाली, मुलींची. ती काढली मेरी वॉर्ड या यॉर्कशायरच्या तरुण बाईनं. तिची आजीच धर्मापायी १४ वर्षं तुरुंगात राहिलेली होती. मेरीनं इंग्लंडहून आलेल्या मुलींसाठी बोर्डिंग केलं आणि गावातल्या मुलींसाठी फुकट शाळा. तिचं म्हणणं साधं होतं. बायांनाही मुलग्यांसारखं शिक्षण मिळावं, जोगिणींनी चार भिंतींत कोंडून न राहता लोकांत जाऊन काम करावं, आणि बायांचा कारभार बायांनीच पाहावा.

हे पुरुषांना पचलं नाही. गावोगाव हिंडणाऱ्या बाया म्हणून टिंगल झाली. १६३१ मध्ये खुद्द पोपनी तिची संस्था मोडीत काढली. मेरीला म्युनिक शहरात मठाच्या एका खोलीत कोंडलं. तिथून ती लिंबाच्या रसानं चिठ्ठ्या लिहायची. कागद कोरा दिसायचा, शेकला की अक्षरं उमटायची. मैत्रिणींनो, बायांना आपला निरोप पोचवायला किती वाटा शोधाव्या लागल्यात बघा.

एकाच गावात, एकाच कारणासाठी, सोळा वर्षांच्या अंतरानं दोन शाळा निघाल्या. मुलग्यांच्या शाळेला शत्रू होतं इंग्लंडचं सरकार. मुलींच्या शाळेला आपल्याच धर्माच्या मोठ्या माणसांनी टाळं लावलं.

मुलग्यांची शाळा पुढं तीनदा उठली आणि पुन्हा बसली. १७६२ मध्ये फ्रान्समधून हुसकावण्याची वेळ आली, तेव्हा मुलं फिरायला निघाल्यासारखी टोळ्याटोळ्यांनी बाहेर पडली आणि ब्रूजला पोचली. १७७३ मध्ये तिथूनही निघावं लागलं, मग लिएजला. तोवर इंग्लंडमधले कायदे सैल होत होते. १७९१ च्या कायद्यानं कॅथलिक मास्तरांना राजनिष्ठेची शपथ घेऊन शिकवायची मुभा मिळाली. १७९४ मध्ये युद्ध अंगावर आलं तेव्हा मुलं होडीनं, बोटीनं आणि शेवटी पायी लँकाशायरला पोचली. शाळेचाच जुना विद्यार्थी थॉमस वेल्ड यानं आपला पडीक वाडा दिला होता. तोच स्टोनीहर्स्ट. दूरच्या खेड्यात शाळा असण्याचं एक कारण हे. त्या भागात कॅथलिक कुटुंबं टिकून होती आणि राजधानीची नजर लांब होती.

मायदेशी आली तरी शाळा बोर्डिंगच राहिली. १८६८ मध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा हॉडर नदीकाठच्या धाकट्यांच्या बोर्डिंगात आला. हाच पुढं शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारा आर्थर कॉनन डॉयल. त्यानं मोठेपणी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की तिथं शिस्त कडक होती आणि रबराच्या जाड पट्ट्यानं हातावर मार बसायचा. घरी जाणं फक्त उन्हाळ्यात. त्याची आई मेरी गरिबीत संसार ओढत होती. तिला सांगण्यात आलं की मुलगा चर्चच्या सेवेला वाहिलात तर वर्षाची ५० पौंड फी माफ करू. तिनं नाही म्हटलं. पोराच्या आयुष्याचा सौदा तिनं केला नाही. आयुष्यभर तो मुलगा आईला पत्रं लिहीत राहिला.

सेंट मेरीज हॉलची इमारत १८३० च्या सुमाराला धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी बांधलेली. १९४६ मध्ये तिथं धाकट्यांची शाळा सुरू झाली. आणि १९९९ मध्ये स्टोनीहर्स्टची शाळा पूर्णपणे मुलामुलींची झाली. १५९३ पासून मोजा, ४०६ वर्षं! ज्या मार्गारेटनं जीव देऊन घरची शाळा जपली, तिच्या ॲनसारखीला या शाळेच्या बाकावर बसायला एवढी वाट पाहावी लागली.

मेरी वॉर्डचं कामही मेलं नाही. तिच्यामागं तिच्या सख्यांनी १६८६ मध्ये यॉर्कमध्येच गुपचूप मठ आणि मुलींची शाळा काढली. तिथं शिकलेल्या टेरेसा बॉलनं आयर्लंडमध्ये लोरेटो जोगिणींची शाखा सुरू केली, आणि १८४१ मध्ये त्या जोगिणी कलकत्त्याला आल्या. मदर तेरेसा आधी त्याच लोरेटोच्या शाळेत शिकवत होत्या. चर्चनं मेरीला संस्थापक म्हणून मान दिला तो १९०९ मध्ये, तिच्या शाळेनंतर बरोबर ३०० वर्षांनी.

याच काळातला एक धागा आपल्या मराठीपर्यंतही येतो. इंग्लंडात कॅथलिकांना थारा नव्हता म्हणून बाहेर पडलेल्यांपैकी एक होता थॉमस स्टीफन्स. तो १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं ओव्यांमध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. पण खरं बोलायचं तर गोव्यात सत्ता त्याच्याच धर्माची होती, आणि तिथं देवळं पाडली गेली ती हिंदूंची. ज्याच्या हाती काठी, तो दुसऱ्याची शाळा आणि देऊळ मोडतो. एका गावात सोसणारा दुसऱ्या गावात मोडणारा होऊ शकतो, हे इतिहास सांगतो.

आणि एक गोष्ट झाकून चालणार नाही. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी चौकशीनं दोन जुन्या कॅथलिक बोर्डिंग शाळांबद्दल अहवाल दिला. अनेक वर्षं तिथं मुलांवर लैंगिक अत्याचार झाले, आणि मुलांपेक्षा संस्थेचं नाव जपलं गेलं. लेकरू दूर ठेवलं की त्याचं रडणं आईच्या कानावर येत नाही. म्हणून बोर्डिंग कितीही नावाजलेलं असो, विचारणा करायचा हक्क आईनं सोडायचा नाही.

आपल्या भागातही लेकरं आश्रमशाळेत, वसतिगृहात राहतात. पुढच्या बैठकीत पासबुकं मिटली की एवढं बोला. आपल्या गावची कोणती मुलगी वसतिगृहात आहे? तिला भेटायला शेवटचं कोण गेलं होतं? रात्री तिच्याजवळ बाईमाणूस असतं का? तिला कुणाचा त्रास झाला तर ती कुणाला सांगू शकते, आणि घरी फोन करायला मिळतो का? आणि कोणती मुलगी केवळ शाळा लांब म्हणून घरी बसलीय? नावं लिहून घ्या. दोघी-तिघींनी मिळून जाऊन या.

शाळा टिकवायला बायाच लागतात, हे आपण पाहिलं. तिच्या बाकावर आपल्या लेकीला बसायला आता चारशे वर्षं लागू नयेत, एवढंच. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.