रंकाळ्याचा चितारी

कविसंमेलन आटोपलं की कुणीतरी हमखास जवळ येतं आणि मनापासून म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी हसून आभार मानतो. घरी जाताना मात्र वाटतं, माझ्याच शेजारी बसून कविता वाचणाऱ्या जोशी-पाटलांना हे कुणी का म्हणत नाही? अशा वेळी मला कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान आठवतात.

आबालालांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. वळणदार अक्षर काढायचं, पानाच्या कडेनं नक्षी रंगवायची, असं ते काम. हा वारसा घेऊन आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रण शिकले, व्हाइसरॉय पदक मिळवलं आणि कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. याच महाराजांनी १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. प्रत्येकानं आपलं आपलंपण राखावं आणि गावही सगळ्यांचं असावं, अशी ती दृष्टी होती.

दरबारी चित्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं भरजरी पोशाख आणि मिशीला पीळ दिलेले सरदार उभे राहतात. आबालालांचा जीव मात्र रमला तो मोकळ्यावर. रंकाळा, कोटितीर्थ, तिथलं पाणी, झाडं, पाण्यावरचा बदलता उजेड. रंकाळ्यातला दगडी संध्यामठ पावसाळ्यात तळं भरलं की पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरलं की पुन्हा उघडा होतो. त्या मठाचं त्यांनी केलेलं चित्र जाणकार आजही नावाजतात. कुराण लिहिणाऱ्या घरातल्या माणसानं मठ का रंगवावा, हा प्रश्न त्या चित्रापुढं उभं राहिलं की सुचतही नाही. दिसतो तो फक्त आपल्या गावावर जीव जडलेला माणूस.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. ज्या पाण्यानं चित्रं दिली, त्यालाच ती परत केली म्हणायची! पुढं १९३१ साली तेही गेले. पण त्यांनी घालून दिलेली वाट बुजली नाही. बाबूराव पेंटरांपासून पुढच्या अनेकांनी कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाची परंपरा वाढवली आणि कोल्हापूरचं 'कलापूर' झालं. त्या कलापुराच्या पायातला एक मोठा दगड आबालाल रहिमान या नावाचा आहे. गावानं तो आपला मानला, जपला. गावाबाहेर मात्र हे नाव किती जणांना ठाऊक असतं?

कोल्हापूरला गेलो की मी टाऊन हॉलच्या संग्रहालयात डोकावतो, आबालालांची चित्रं पाहतो आणि मग संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसतो. गेल्या खेपेला तिथं ओळखीचा एक कॉलेजातला मुलगा भेटला. गप्पांच्या ओघात त्यानं विचारलं, "सर, तुम्ही मराठीतच का लिहिता?"

मी विचारलं, "आबालालांनी रंकाळाच का रंगवला असेल?"

त्यानं समोरच्या पाण्याकडं पाहिलं. थोडा विचार करून म्हणाला, "इथंच होते ना ते. रोज समोर हाच दिसत असणार."

माझंही उत्तर याहून निराळं नाही.